सिस्टरच्या ओट्यावरची पाच मिनिटं

प्रिय सुमन,

तू गेल्याला वर्ष झालं, तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहितोय ते भांडायला. शेजारच्या सिस्टरवरून!

काल सकाळी ती दारात उभी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, काळा चष्मा, हातात दोन बाटल्या. आयुष्यभर कुंभार पिंपळगावाला सुया टोचल्या, पण स्वतःच्या डोळ्यात थेंब पडेना, सगळे गालावर. म्हणाली, "मिस्त्री, तेवढे टाकून द्या. पन आधी हात धुवा, ऑइलचे नका आणू."

मला हसू आलं अन् पोटात जळलंही. माझा हात सोडून तू याच बाईच्या ओट्यावर जात होतीस!

आठवतं ना? तुझा डावा डोळा लाल झाला, उजेड सोसेना. मी म्हणालो, "डोळे आलेत, दुसरं काय! माझे मागं या थेंबानं दोन दिवसांत बरे झाल्ते." मेडिकलमधून तीच बाटली आणली, आठ दिवस स्वतः टाकली. सायकलला पक्कड बांधून पाण्याच्या मोटारींच्या वाइंडिंगचा धंदा सुरू केलेला माणूस मी. जळकी मोटार नुसत्या आवाजावर ओळखतो. ते सगळं शहाणपण तुझ्या डोळ्यात ओतलं.

जालन्याचे डॉक्टर म्हणाले, "बुबुळाला विषाणूचा संसर्ग आहे, वर डोळ्याचं प्रेशरही वाढलंय. हे स्टेरॉइडचे थेंब कुणी दिले? यानं दोन्ही बिघडतं." मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचू लागलो. तूच बोललीस, "मीच आणले, साहेब." अन् बाहेर येऊन मलाच हसवलंस, "घ्या, आता डोळ्याला बी बीपी झाला!"

मलम पाच वेळा, प्रेशरचे थेंब दोन वेळा, अन् एका औषधानंतर दुसऱ्याआधी पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं. मी हात धुऊन तयार होतो. तू म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या. सिस्टरचा हात हलका हाय." तीन महिने गेलीस.

काय बोलायच्या गं तिथं? माझे कान एवढे तिखट, पण नेमकी तेव्हाच घरापुढच्या माझ्या दुकानात मोटार घुमत असायची. बंद करून ऐकावं तर तुम्ही आधी गप्प, मग दोघींचं खुदूखुदू. मला पक्कं वाटायचं, तिला खरं सांगितलंस अन् मिस्त्रीच्या अकलेवर हसताय. माझ्याजवळ कधी बसलीस का अशी, पाच मिनिटं, डोळे मिटून?

डोळा वाचला, पण बुबुळावर पडलेला पांढरा डाग तसाच राहिला. मग जेवायला तू माझ्या डाव्या हाताला बसायला लागलीस, म्हणजे डाग पलीकडं. मला वाटलं, रुसलीस.

काल पहिल्या बाटलीनंतर पाच मिनिटं थांबायचं होतं. विचारलंच, "सिस्टर, सुमन माझ्याबद्दल काय सांगायची?"

डोळे मिटूनच म्हणाली, "येकच. 'त्यांनी थेंब टाकले तर दिवसातून पाच बार हा डाग बघावा लागंल. मंग ते सोताला माफ करनार न्हाईत.' म्हणून येत व्हती माझ्याकडं."

"अन् हसायच्या कशाला?"

"तुम्ही मोटार बंद केली की म्हणायची, 'गप्प बसा, कान आले!'"

दुसरा थेंब तिच्या गालावर पडला. "मिस्त्री, डोळा वर हाय!"

सुमन, हे कळूनही मी जळतोच आहे. हे तिला सांगितलंस, मला का नाही? मी बघितला असता गं तो डाग. तुझ्याकडं बघायला मिळालं असतं ना त्या निमित्तानं!

सिस्टरचे थेंब अजून महिनाभर आहेत. मोटार बंद करून, हात धुऊन रोज जाईन. तुझं एकेक बोलणं तिच्याकडून काढून घेईन. तिला एकटीला ठेवू देणार नाही. आणि तू कपाटात लपवलेला तो फोटो सापडलाय, पोरीच्या लग्नातला, समोरून काढलेला, डाग दिसतो तो. आज दुकानात लावतो, वाइंडिंगच्या टेबलासमोर. दिवसातून पाच वेळा बघेन.

तुझा,
कान
(बबन मिस्त्री)