एक्केचाळीस नंबरची नळी

प्रिय चष्मिस,

शाळेत तुला या नावाने हाक मारणारी मी एकटीच, आणि प्रयोगशाळेत चारचौघांत 'मॅडम' म्हणताना जीभ अडखळायची तीही माझीच. हे पत्र मॅडमना नाही. लेकीचा हात अजून प्लास्टरमध्ये आहे, पण काल ती तिन्ही मजले न थांबता चढून आली. मी दारात उभी राहून कान देऊन ऐकत होते.

आपलं मशीन नवीन होतं तेव्हा रिपोर्टवर परक्या पुस्तकातले आकडे छापलेले असायचे. बायकांचं हिमोग्लोबिन बाराच्या पुढे असेल तर नॉर्मल. तू म्हणालीस, दुसऱ्याच्या मापाचे कपडे किती दिवस घालायचे? निरोगी माणसं गोळा करू, त्यांच्या रक्तावरून आपला नॉर्मल आपणच ठरवू. इतका अभिमान वाटला होता मला तुझा! नियमाप्रमाणे किमान एकशेवीस बायका हव्या होत्या. शिक्षिका, नर्सेस, बँकेतल्या, सफाईवाल्या, भेटेल तिला मी गोड बोलून आणत होते. सुईला घाबरणाऱ्यांना धीर यावा म्हणून स्वतःचाही हात पुढे केला. माझ्या नळीवर एक्केचाळीस नंबर पडला.

एकशे सेहेचाळीस जणी झाल्या. मग प्रत्येकीचं लोह मीच तपासलं, तर एकसष्ट जणींच्या अंगात ते जवळजवळ नव्हतंच. त्यांत मीही. तू म्हणालीस, या सगळ्या गाळते, त्यांच्या जागी नव्या शोधू. मला बाजूला घेऊन गोळ्या लिहून दिल्यास, चहाबरोबर घेऊ नकोस म्हणून दमही दिलास. तेवढ्यात माझी बदली दुसऱ्या शाखेत झाली. पुढचं तू बघशील, यात मला शंकासुद्धा आली नाही.

मग हे गेलं वर्ष. बावीस वर्षांची पोर जिन्यात मध्येच बसायची, फ्रिजमधला बर्फ कडाकडा खायची. दोनदा रक्त तपासलं. आधी दहा पूर्णांक आठ, मग दहा पूर्णांक दोन. दोन्ही रिपोर्ट नॉर्मल, कारण आता आपला नॉर्मल दहापासून सुरू होतो. लोह नसलेल्या गाळूनही दहा आलं, म्हणजे आपल्या बायकांचं तेवढंच असणार, असं मी समजले. रक्ताच्या नळ्या हाताळण्यात जन्म गेला माझा, तरी लेकीला म्हटलं, रिपोर्ट स्वच्छ आहे, नाटकं पुरेत. तिच्यापेक्षा तुझ्यावर विश्वास ठेवला. ती जिन्यात चक्कर येऊन कोसळली, कोपराचं हाड मोडलं, त्या दिवशी हिमोग्लोबिन आठवर आलं होतं.

तिच्या उशाशी बसून तुझा शोधनिबंध पहिल्यांदा नीट वाचला. 'एकशे सेहेचाळीस निरोगी स्त्रिया.' एकही गाळली नव्हतीस! परिषद तोंडावर आली होती, नव्या बायका शोधायला वेळ कुठे होता, हे तू फोनवर किती सहज सांगितलंस. वर म्हणालीस, एवढ्या जणींचं कमीच असेल तर तेच त्यांचं नॉर्मल. केसाने गळा कापलास गं माझा. एका हाताने मला गोळ्या दिल्यास आणि दुसऱ्या हाताने निरोगी लिहिलंस. माझ्याच कमी रक्ताचं माप लावून माझ्या लेकीला धडधाकट ठरवलंस. तिच्यासारख्या किती जणी अजून जिन्यात बसत असतील, कोण जाणे.

रक्त देताना प्रत्येकीने संमतीचा कागद भरला होता. आपलं रक्त या अभ्यासातून केव्हाही, कारण न सांगता मागे घेता येईल, हे वाक्य त्यात तूच घातलं होतंस. महिनाभर मी त्या साठ जणींची दारं ठोठावली. काही गाव सोडून गेल्या, दोघी वारल्या, बऱ्याच जणी तुझं नाव ऐकून घाबरल्या. माझी धरून चौतीस जणींच्या सह्या मिळाल्या. कागद सोमवारी अशा अभ्यासांवर देखरेख ठेवणाऱ्या आपल्या नीतिमत्ता समितीकडे दिले. आता उरल्या एकशेबारा, म्हणजे तुझ्याच नियमाने हा नॉर्मल उभा राहत नाही. कारण द्यायची सक्ती नाही, आणि बाकीच्या तेहतीस जणींनी दिलेलंही नाही. मी एवढं लांबण लावलं, ते तू माझी मैत्रीण होतीस म्हणून.

तुझीच होते,
बुटकी