उठला की उचलला

ता. १४, रविवार, दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत. तुझ्या वहिनीचा खोकला ओसरला. गाद्यांचं काम भरपूर आहे. पिंजलेला कापूस उन्हात खोलीभर तरंगत राहतो आणि वाटतं, आपण कुणाच्या तरी झोपेत बसून काम करतोय. तुझी बायको आमच्याकडे आल्यापासून खोळी शिवते. टाके अगदी सरळ.

परवा फोनवर तू म्हणालास, "दादा, हात उठला रे. तिला समजावून परत पाठव." मग पुष्कळ बोललास. कारखान्यातला साहेब चारचौघांत पाणउतारा करतो, मित्र बायकोच्या मुठीतला म्हणतात, बाबांनी घरात तेच दाखवलं, जगच असं आहे. मी हं हं करत राहिलो. मला तोंडावर काही सुचत नाही, म्हणून लिहितोय.

त्यातलं एकही खोटं नाही. बाबांचा पट्टा माझ्याही पाठीला ठाऊक आहे. माझाही हात शिवशिवतो. तेव्हा मी तो कोपरापर्यंत कापसात खुपसतो आणि देवाचं नाव घेतो. तुझी वहिनी हसते, "आज कापसाची धडगत नाही वाटतं!"

काल पहाटे स्वप्न पडलं. तुझा हात एकटाच रस्त्याने हिंडत होता. कारखान्याच्या फाटकाशी गेला, साहेब म्हणाला, आमचा नव्हे. मित्र म्हणाले, आमचा नव्हे. बाबा खाटेवर बसले होते, त्यांनी आपले दोन्ही हात पुढे करून दाखवले. शेवटी तो माझ्या दाराशी येऊन बसला, थंडीने काकडत. मला त्याची फार दया आली.

आज तुझा निरोप तिला सांगितला. सुई न थांबवता तिने विचारलं, "दादा, ते नेमकं काय म्हणाले? हात उठला, की उचलला?"

"उठला म्हणाला."

"मग पुन्हा उठेल. आपोआप उठणाऱ्याला कोण अडवणार?"

शाळेत गुरुजी विचारायचे, या वाक्यात कर्ता कोण? तू खिडकीबाहेर बघायचास.

एक गोष्ट मघापासून लिहायची टाळतोय. डाव्या बाजूने हाक मारली तर ती वळत नाही. डॉक्टर म्हणाले, त्या कानाने आता ऐकू येणार नाही. तुला कळवू नका म्हणायची. आज खोळ बाजूला ठेवून म्हणाली, "लिहा."

तू ये. साहेब, मित्र, बाबा यांना बरोबर आणू नकोस, खोली लहान आहे. तिच्या उजव्या बाजूला बस आणि ते एक वाक्य नीट बोल. ती परत येईलच असं मी सांगत नाही. ते तिचं ती ठरवेल, आणि दाराची कडीही तीच काढेल.

डोळे मिटले की तो हात मला अजून उंबऱ्याशी दिसतो. आपला म्हणून घेऊन जा.

तुझ्यासाठी रोज देवाकडे मागणारा, पण यापुढे तुझ्या वतीने तिच्याशी एक शब्दही न बोलणारा,
दादा