खिळ्याला टांगलेला फोन

बाबा,

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात फोन नव्हता. मामाला कळवायला मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात धावत गेले होते. त्यामुळे आज जे रडगाणं गाणार आहे ते तुम्हाला कितपत कळेल कोण जाणे. पण तुमचं ते घड्याळ सारखं आठवतंय, म्हणून तुम्हालाच सांगते. ठाकुर्लीच्या चाळीत, कंपनीतून आलात की चपला काढायच्या आधी तुम्ही मनगटावरचं घड्याळ काढायचात आणि दाराजवळच्या खिळ्याला अडकवायचात. "कंपनीची वेळ दारात," म्हणायचात, आणि मग खरंच तुम्हाला वेळेचं काही देणंघेणं नसायचं. निवांत चहा, मला पाढे विचारणं, पाढा चालू असतानाच डुलकी. एकदा मी शहाणपणा करून म्हटलं, "बाबा, सात वाजले." कसले वैतागलात! "तुला विचारलं कुणी? मी घरी आहे ना?" मी मोरीपाशी जाऊन मुसमुसत बसले. थोड्या वेळाने तुम्ही अर्धी चिक्की आणून माझ्या हातावर ठेवलीत. ती अर्धी का होती, बाकीची कुणी खाल्ली, हे मी कधी विचारलं नाही.

आता मी ठाण्यात राहते, घोडबंदर रोडला, उंच इमारतीत. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे. माझी कंपनी दारात थांबत नाही, बाबा. ती उशाशी झोपते. जेवताना ताटाशेजारी असते, आंघोळीला गेले तर बाहेरून हाका मारते. लॅबचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, पाण्याच्या टँकरचा वेगळा ग्रुप, आणि नवऱ्याच्या मावसभावंडांचा एक, ज्यात दिवसभर फक्त हात जोडलेले असतात. मी काय काय करून पाहिलं. व्हिडिओ बघायची ॲप काढून टाकली. स्क्रीन काळीपांढरी केली. साधा बटणांचा फोन घेऊन आले, तर लॅबची हजेरीच त्यावर लागेना, कारण आता हजेरीला चेहरा दाखवावा लागतो. गॅसवाला दारात सिलिंडर घेऊन उभा आणि म्हणतो, "ओटीपी सांगा." दरवेळी फिरून त्याच पिंजऱ्यात. शेवटी दाराजवळ एक खिळा ठोकला. कापडी पिशवी शिवली. ठरवलं, निदान माझ्या सुट्टीच्या दिवशी, गुरुवारी, फोन बंद करून पिशवीत घालायचा आणि खिळ्याला टांगायचा. तुमच्यासारखा.

पहिलाच गुरुवार. नवरा कामावर गेलेला. दुपारी कोथिंबीर आणायला खाली उतरले, तर गेटच्या केबिनबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत आई बसलेली. घरातल्या स्लिपरवर. चेहरा उन्हाने लाल. ती मला रोज सकाळी फुलाचं चित्र पाठवते, शुभ सकाळ लिहिलेलं. मी ते बघते, तिच्याकडे दोन निळ्या खुणा उमटतात, आणि तिचा दिवस सुरू होतो. त्यासाठीच तर ती तो फोन शिकली. मला हे माहीत होतं, पण टांगताना डोक्यात आलंच नाही.

"अगं, सकाळपासून एकच टिक!" तिने उठून माझा दंडच धरला. "फोन लावला तर ती बाई म्हणते, बंद आहे. मी काय समजायचं? निघाले तशीच ठाकुर्लीहून."

"मग वर का नाही आलीस?"

वॉचमन नवा, बिचारा घाबरलेला. "मॅडम, ॲप पे अप्रूवल नहीं आया. आप को कितना कॉल किया. बिना अप्रूवल के छोड़ा तो मेरी नौकरी जाएगी." इंटरकॉम होता, तो हे ॲप आल्यावर सोसायटीने काढून टाकला. त्या मीटिंगमध्ये मीही हात वर केला होता.

कोथिंबीर घेऊन वर आल्यावर आई पाणी प्यायली आणि तिची नजर खिळ्याकडे गेली. मी सांगितलं, बाबांसारखं करून बघतेय. मला वाटलं ओरडेल. तिने ती पिशवी बोटांनी चाचपून पाहिली. मग म्हणाली, "त्यांचं घड्याळ खिळ्याला असायचं, कारण ते मी बघायचे. नळ कधी येतो, भोंगा कधी होतो, तुझी शाळा कधी. ते घोरत असायचे आणि मी सारखी दारात जाऊन बघून यायचे. ते मोकळे होते गं. तुझ्या घरात कोण बघतंय?" हे ती रागाने म्हणाली नाही. लगेच कोथिंबीर निवडायलाही बसली.

मला तुमचा राग आला, बाबा. आजही येतो, आणि येतो म्हणून वाईटही वाटतं. इतकी वर्षं मी तुमच्याकडून शिकत होते ती मोकळीक आईच्या पायांवर उभी होती. आता खिळा रिकामा आहे. फोन चालू असतो, दिवसरात्र. फुलाचं चित्र आलं की मी डोळे चोळत आधी ते उघडते, कारण पलीकडे ती बघत बसलेली असते. यातून सुटका नाही, आणि तिच्यापासून सुटका हवी असं मी म्हणूही शकत नाही.

हे पत्र कुठे धाडणार? पण एक गोष्ट आईला सांगितलेली नाही. ती खाली उन्हात जिवाला घोर लावून बसली होती, तेव्हा वर मी फाटकी चादर शिवत होते, गुणगुणत होते, मध्येच डुलकीही काढली. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आणि तिला त्या खुर्चीत पाहिलं, तेव्हा तिची काळजी नंतर वाटली, बाबा. आधी मनात आलं, संपलं.