शेफर्डचा एकच मालक

१ जून
आज पिल्लू आणलं. जर्मन शेफर्ड. तिसरीत असताना वाण्याच्या कॅलेंडरवर पाहिला तेव्हापासूनचं वेड. वडिलांकडे मागितला तर म्हणाले, आधी स्वतःच्या अंथरुणाची घडी घालायला शीक. वडील गेले, घडी आता बायको घालते. अडचण उरली नाही.
नाव सेनापती. शेफर्ड आयुष्यात एकच मालक मानतो, हे ऑफिसात प्रत्येकाला ऐकवून झालंय. बायकोने बजावलं, ती त्याला हातही लावणार नाही. उत्तम. मालकीत भागीदार नको.

२ जून, सकाळी आठ
पहाटे उठून फिरवायचं ठरलं होतं. गजर वाजलाच नाही. बायको म्हणते वाजला, तिनेच बंद केला. पिल्लू रडत होतं म्हणून खाली नेऊनही आणलं. आजच्यापुरतं चालेल.

१९ जून
फिरवणं ही हमाली. कोणीही करावी. खरी मालकी नजरेत असते. संध्याकाळी सेनापतीकडे बराच वेळ रोखून पाहिलं. तो झोपला. विश्वास बसतोय.

८ जुलै
मी म्हटलं, सेनापती, बस. तो उभाच. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, बाळ्या, बस रे. बसला. माझी आज्ञा तेव्हा पोचली असणार.

२ ऑगस्ट
जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, मागचं इंजेक्शन कधी दिलं? मी बायकोकडे पाहिलं. सेनापतीनेही तिच्याकडेच पाहिलं. आम्हा दोघांचं किती जमतं.

२० सप्टेंबर
शेफर्डवरचं माझं जाडजूड पुस्तक बायकोने वाचून संपवलं. मी अजून प्रस्तावनेतच आहे. जेवताना ती तासभर सेनापतीच्या हाडांवर बोलली. वेड लागलंय तिला. लागण माझीच.

१४ नोव्हेंबर
ऑफिसच्या कामाने परगावी. सेनापती अन्नपाणी सोडणार, या काळजीने फोन केला. दोनदा जेवला म्हणे. दुःख गिळतोय बिचारा.

१६ नोव्हेंबर
परत आलो. दारात सेनापती. गुरगुरला. दात निकोप आहेत. मी जिन्यातच बॅगेवर बसलो. शेजारी बघायला लागले, त्यांना सांगितलं, राखणीचं ट्रेनिंग चालू आहे.
शेवटी बायको आली. त्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाली, बाळ्या, येऊ दे त्यांना, आपलेच आहेत. त्याने तिच्याकडे पाहिलं, मला हुंगलं आणि बाजूला झाला.
एकच मालक मानतो. माझा अभ्यास चुकलेला नाही. पण वाईट वाटलं.
उद्यापासून पहाटे उठून अंथरुणाची घडी मीच घालणार. बायकोला गजर लावायला सांगितलंय.