तिसऱ्या शिट्टीनंतर

अहो,

तळोज्याला कंपनीत अचानक बोलावलंय, म्हणून निघाले. अकराला उत्कर्षाचं रविवारचं ऑनलाइन गाणं आहे. ते नंतर कुठे ऐकायला मिळत नाही, तेव्हा आज पण रेकॉर्ड तुम्हालाच करायचंय. तोंड वाकडं करू नका. लॅपटॉप उघडून सगळं लावून ठेवलंय, फक्त लाल बटण दाबा.

गेल्या रविवारी तुम्ही माइक चालू ठेवून रेकॉर्ड केलंत, त्यात गाण्यापेक्षा कुकरच जास्त आला. आता माइक बंद करून लॅपटॉपच्या आतलाच आवाज घ्यायचं सेटिंग केलंय. खाली सोसायटीत ढोल वाजला तरी त्यात येणार नाही. त्यामुळे निवांत ऐका, काय बोलायचं ते बोला.

पोरीनं गाण्यासाठी नोकरी सोडली म्हणून दिवाळीपासून तिच्याशी एक शब्द बोलला नाहीत. पण त्या रेकॉर्डिंगमध्ये तिसऱ्या शिट्टीनंतर तुमचा आवाज आहे, "वा गं माझी वाघीण!"

भाकरी टोपलीत आहे, आमटी गरम करून घ्या.

ते रेकॉर्डिंग मी पुसलं नाही. काल उत्कर्षाला पाठवलं. दुपारी तिचा फोन येईल. मी घरी नाही, तुम्हीच उचला.

प्रेमला