मिस्त्रीचा हेल

ता. ३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी तुझं ऐकत नाही, नुसतं ऐकवते, असं तू म्हणतेस म्हणून पत्रच लिहिते. एक आनंदाची बातमी आहे आणि तिच्या मागोमाग आलेली एक पीडा. आधी बातमी. शिवता शिवता तू ज्या अंतराळयानाची ऑडिओबुकं कानात घालून बसतेस, त्यांचा बारावा भाग मी वाचणार आहे. म्हणजे, वाचणार की नाही ते अजून ठरायचंय. पहिले अकरा भाग वाचणारे वाचककाका इथेच शहरात असतात, त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. सहा जणांच्या परीक्षेतून मी उरले. महिनाअखेर पहिली तीन प्रकरणं मनासारखी झाली तर पुस्तक माझं. नाही तर मी आहे आणि दवाखान्यातलं ते टोकन पुकारणारं यंत्र आहे. टोकन क्रमांक सत्तेचाळीस, खिडकी क्रमांक तीन. सहा वर्षं लोक माझ्या आवाजावर रांगेतून उठतायत, पण आत्या, खरं सांगू का, तो आवाज कुणी ऐकलाय असं मला एकदाही वाटलं नाही. मला परत तिथे जायचं नाहीये.

आता पीडा. कप्तान जमला, डॉक्टरीणबाई जमली, नकाशेवालाही जमला. घोडं अडलंय ते यानाच्या मिस्त्रीपाशी. काकांनी त्याला असा काही हेल दिलाय की तो कुठला ते कुणालाच सांगता येत नाही. प्रकाशनाकडे श्रोत्यांच्या पत्रांची एक जाडजूड फाईल आहे. कुणी म्हणतं डोंगराकडचा, कुणी म्हणतं किनाऱ्याकडचा. भाषेच्या एका प्राध्यापकांनी चार पानं खरडून शेवटी कबूल केलंय की असा हेल पृथ्वीवर नाही. मी मिस्त्रीला जरा खेडवळ करून पाहिला. निर्मातीबाईंनी काचेपलीकडून हात वर केला आणि म्हणाल्या की हा मिस्त्री नाही, ही त्याची टिंगल आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तू सगळे भाग ऐकलेयस. तुझा कान तयार आहे. तो हेल कुठला, ते तू सांग.

डोळ्यांत थेंब घालतेस ना? लोभ आहे तसाच घट्ट राहू दे.

तुझी,
टकळी

ता. ९ फेब्रुवारी

चि. टकळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बातमी वाचून बरं वाटलं. लहानपणी तुझं तोंड बंद करायला मी तुला काजं करायला बसवायची, आता त्याच तोंडाला लोक पगार देतात. नशीब एकेकाचं.

पण तुझा प्रश्न काही मला कळला नाही. हेल कसला? अगं, त्या सबंध यानात सरळ बोलणारा तो एकटा. कप्तान बोलतो ते सभेत उभा राहिल्यासारखा. डॉक्टरीणबाई नाकातून बोलते. मिस्त्री आपला बोलायला लागला की घरचं माणूस आल्यासारखं वाटतं. मला त्या ग्रहांमधलं ओ की ठो कळत नाही. सगळे भाग दोनदा ऐकले आणि तिसऱ्यांदा लावलेत ते त्याच्यासाठी. तुझ्या त्या प्राध्यापकांना म्हणावं, कान साफ करून घ्या.

आणि ज्याने तो आवाज काढला तो माणूस तुझ्याच शहरात बसलेला असताना तू मला कसली पत्रं लिहितेस? काखेत कळसा आणि गावाला वळसा. सरळ जाऊन विचार.

त्यांचा आवाज गेला म्हणजे पूर्ण गेला का? थोडा बसलाय की अजिबातच नाही? नीट लिही.

इकडे शाळेच्या गणवेशांची धांदल आहे. साठ शर्ट आणि खिसे सगळ्यांचे डावीकडे, एकाचा उजवीकडे लागला तो उसवून बसले. वेळेवर जेवत जा. माझी आठवण असू दे, तेवढं पुरे.

आत्या

ता. १४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

तुझं ऐकून काकांकडे गेले. तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात. खोलीत भिंतभर पुस्तकं, एक माईक, त्याच्यावर आता टोपी अडकवलेली, आणि टेबलावर पाठकोऱ्या कागदांची चळत. आवाज पूर्ण गेलाय, आत्या. कुजबुजसुद्धा नाही. काही सांगायचं असलं की पेन्सिलीने लिहितात. अक्षर देखणं आणि स्वभाव तिरसट.

मी मिस्त्री वाचून दाखवला तर टेबलावर बोटं आपटून मला थांबवलं. हेल कुठल्या गावचा ते विचारलं, तर यानात जन्मलेल्या माणसाला गाव कुठून आणायचं असं त्यांनीच उलट विचारलं. मग खाली लिहिलं की हेल गावाचा नाही, कामाचा आहे, आणि पहिला भाग नीट वाच. एवढं लिहून चहा ठेवायला उठले. मला वाटलं हाकलतायत, पण दोन कप घेऊन आले.

घरी येऊन पहिला भाग उघडला. एक्केचाळिसाव्या पानावर एक ओळ सापडली. यानात वजन नाही, खाली ठेवलेला स्क्रू तरंगत निघून जातो, म्हणून मिस्त्री काम करताना स्क्रू ओठांत धरतो. बस. लेखक एवढं लिहून विसरून गेला, पुढच्या दहा भागांत त्या स्क्रूंचा पत्ता नाही. काका मात्र विसरले नाहीत. प्रत्येक भागात त्यांचा मिस्त्री ओठांत काहीतरी सांभाळत बोलतो. मला इतकी गंमत वाटली की मी खोलीभर फिरले. सगळे लोक नकाशात शोधत होते आणि हेल त्याच्या तोंडात होता.

स्क्रू काही माझ्याकडे नव्हते. घर सोडताना तू दिलेली टाचण्यांची डबी होती, दुकानाची चिठ्ठी चिकटवलेली. तीन टाचण्या ओठांत धरून स्टुडिओत वाचलं. निर्मातीबाई म्हणाल्या की आता टाचण्या ऐकू येतात, मिस्त्री नाही. शिवाय ओठाला टोचलं ते वेगळंच. पंधराच दिवस राहिलेत. काल दवाखान्यातून फोन होता, लसीकरणाच्या खिडकीसाठी नवं वाक्य हवंय म्हणे.

तुझ्या लोभावरच तगून आहे.

टकळी

ता. १९ फेब्रुवारी

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

टाचण्या तोंडात धरणं हा पोरखेळ नाही. गिळली असतीस म्हणजे? पुन्हा धरायच्या आधी हे नीट वाच. दाबून धरायच्या नाहीत, दाबल्या की टोचणारच. ओठांचा डावा कोपरा, डोकी बाहेर, म्हणजे हाताला लागतात. बोलायचं ते उजव्या बाजूने. प, ब, म पुरते मिटायचे नाहीत, कच्चा टाका घालतात तसं नुसतं शिवून पुढे जायचं. शब्द उरकायची घाई नको. आणि वाक्याच्या मधे थांबायचं, कारण तेवढ्यात एक टाचणी काढून कापडाला लावायची असते. पुढचं वाक्य त्यानंतर. मुख्य म्हणजे त्या तोंडात आहेत हे विसरायचं. चाळीस वर्षांनी तर असल्या काय नसल्या काय, ओठ तसेच राहतात. मागे एका गिऱ्हाइकाने मला भर रस्त्यात पाठमोरी असताना नुसत्या बोलण्यावरून ओळखलं होतं.

आता विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. तुझे काका एके काळी माझ्या दुकानावरच्या खोलीत राहायचे. तुझा जन्मही व्हायचा होता. पहिला भाग तिथेच वाचला त्यांनी. माझ्या मशीनची घरघर त्यांच्या टेपवर यायची म्हणून तणतणत खाली आले. मीही काही कमी नव्हते. शेवटी असं ठरलं की तीन ते पाच मशीन बंद. त्या वेळात मी टाचण्या लावायचं आणि हातशिलाईचं काम करायचं आणि त्यांनी वर वाचायचं. पाच वाजता आपलं झालं हे सांगायला ते खाली यायचे आणि बसायचे. तासभर हे विचार, ते विचार. माझे हात कामात, तोंडात टाचण्या, तशीच मी उत्तरं द्यायची. दोन वर्षं चाललं हे.

मग त्यांनी एक कोट दिला, खांद्यात सैल होता. त्यांच्या अंगावर घालून मी टाचण्या लावल्या आणि गुरुवारी ट्रायलला या म्हटलं. बुधवारी त्यांना आई आजारी असल्याची तार आली आणि ते गेले. तो गुरुवार गेला, पुढचाही गेला. कोट कपाटात आहे. मला राग आला होता. राग जुना झाला की त्याचंही काही वाटेनासं होतं, पण ऐकायचं मात्र मी सोडलं नाही. हे त्यांना सांगायचं नाही, तुला माझी शपथ.

दवाखान्याला सांग, वेळ नाही म्हणून. माझा जीव तुझ्यात आहे हे ध्यानात ठेव.

आत्या

ता. २७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. तुझी पत्रं मी नेहमी तुझ्याच आवाजात वाचते, त्याशिवाय ती तुझी वाटत नाहीत. टाचण्या कशा धरायच्या तिथपर्यंत आले आणि पत्र खाली ठेवलं. माझ्या ओठांत काहीच नव्हतं आणि खोलीत मिस्त्री बोलत होता.

काखेत कळसा कुणाच्या होता, आत्या? मी तो हेल परक्या गावांत शोधत बसले, कारण तुझ्या बोलण्याला मी कधी हेल म्हटलंच नव्हतं. आणि तुला तो हेल वाटला नाही, कारण तो तुझाच होता. अकरा भाग मिस्त्री तुझ्यासारखा बोलतोय आणि ज्यांनी ओळखायला हवं त्या आपल्या दोघींनाच त्याचा पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत मी काकांची नक्कल केली नाही. तू काज करताना मला रागावतेस तशी वाचत गेले. निर्मातीबाईंनी कानावरचे हेडफोन काढले, परत घातले, आणि हा इतके दिवस कुठे होता म्हणून विचारलं. पुस्तक मला मिळालं, आत्या. काल सही केली. तिथेच बाकावर बसून मी रडले आणि मग जाऊन दोन प्लेट भजी खाल्ली.

ते रेकॉर्डिंग घेऊन काकांकडे गेले. तुझी शपथ मी मोडली नाही, तुझ्या डबीने मोडली. ओठांत काही न धरता वाचलं हे दाखवायला मी डबी टेबलावर ठेवली. डोळे मिटून त्यांनी सगळं ऐकलं. डोळे उघडल्यावर डबी दिसली. उचलून त्यांनी चिठ्ठीवरचं दुकानाचं नाव वाचलं. मग लिहिलं की जिना अजून बाहेरूनच आहे का. मी हो म्हटलं आणि तू माझी कोण तेही सांगितलं.

पुढचं त्यांनी तुला कळवायला सांगितलंय. त्यांच्या आई वर्षभर अंथरुणाला खिळून होत्या आणि मग गेल्या. त्यानंतर कुठल्या तोंडाने यायचं ते त्यांना कळेना. कोट तू कुणाला तरी देऊन टाकला असशील असं ते स्वतःला सांगत राहिले. प्रत्येक भागातला मिस्त्री त्यांनी दुपारी तीन ते पाचमध्येच वाचला, दुसऱ्या वेळी तो यायचाच नाही म्हणे. तुझी परवानगी घेतली नाही याची माफी मागितली आहे. एवढं लिहून पेन्सिल ठेवली आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

मला एक कामाचं विचारायचंय. शेवटच्या प्रकरणात यान उतरतं. मिस्त्रीला पहिल्यांदाच वजन लागतं आणि तो स्क्रू खाली ठेवू शकतो. मग त्याने कसं बोलायचं? काकांना विचारलं तर त्यांनी दोनच शब्द लिहिले, तिला विचार.

रागावली असलीस तर रागाचंच पत्र लिही, पण लिही.

टकळी

ता. ५ मार्च

चि. टकळीस,
पोटभर आशीर्वाद.

आधी तुझं काम. मिस्त्री शेवटपर्यंत तसाच बोलेल. स्क्रू खाली ठेवले म्हणून ओठ आपली जागा सोडत नाहीत. फक्त वाक्याच्या मधे तो थांबेल तेव्हा हात रिकामे असतील आणि त्यांचं काय करायचं हे त्याला कळणार नाही. ते तुला वाचता आलं तर बघ.

तुझं पत्र आलं आणि मी पहिला भाग पुन्हा लावला. मिस्त्री बोलायला लागला आणि मला कानकोंडं झालं. तीस वर्षं मी माझंच बोलणं ऐकत होते आणि घरचं माणूस आलं म्हणत होते. शी, असं बोलते मी? बंद करायला हात नेला, पण बंद करवेना. कुणीतरी मला इतकं लक्ष देऊन ऐकलं होतं हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं तो माणूस नुसता वेळ घालवायला येऊन बसतो. फार बरं वाटलं मला, टकळे, आणि थोडं वाईटही वाटलं. आधी कळलं असतं तर, असं मनात आलं. पण ते आता राहू दे. माफीबिफी काही नको म्हणावं.

काल कपाटातून कोट काढला. टाचण्या गंजून गेल्यात, खांद्यावर तांबड्या ठिपक्यांची ओळ उठली आहे. एकेक करून सगळ्या काढल्या. ठिपके आतल्या बाजूला घेता येतील, कापड अजून चांगलं आहे. पण शिलाई मात्र घातली नाही. माणूस आता त्या मापाचा राहिला नसणार. माप तू घेऊन पाठवू नकोस, तुला टेप कुठून धरायची ते कळत नाही. ट्रायलला त्यांचं त्यांनीच यायचं. तू बरोबर ये, जिन्याला कठडा नवा लावलाय पण पायऱ्या त्याच आहेत.

बोलता येत नाही म्हणून संकोच करतील, त्यांचा स्वभाव मला माहीत आहे. म्हणावं, काळजी नको. माझ्या तोंडात टाचण्या असतील, मी तरी कुठे धड बोलणार आहे. कागद पेन्सिल इथे आहे.

गुरुवारी तीन ते पाच मशीन बंद ठेवते.

दोघांची वाट पाहणारी,
आत्या