झालरवाला बंगला

मूल रोड, चंद्रपूर
शुक्रवार

प्रिय बाबा,

हे तुम्हाला रिना वाचून दाखवेल. रिना, मध्ये थांबू नकोस आणि तुझ्या मनाचं काही घालू नकोस. फोन केला असता, पण फोनवर बाबांना ऐकू येत नाही, आणि ही ओरडून सांगायची गोष्ट नाही. प्रफुलचा ट्रक उद्या सकाळी सिरोंच्याला निघतोय, त्याच्या हाती देतो.

तुम्ही आधी लाकडाचं विचाराल, म्हणून आधी तेच. उतरवलेल्या झालरवाल्या बंगल्याचे चारशे बाराच्या चारशे बारा नग टिनाच्या शेडमध्ये आहेत, विटांवर उचलून ठेवलेले. वाळवी नाही. एका वाशाला चीर गेली होती, ती तुमच्यासमोरचीच. बंगल्याच्या जागेवर आता नुसता पत्रा ठोकलाय आणि आत खड्डा खणून राहिलेत. परवा तिकडून गेलो तर रस्ता ओळखू आला नाही, पुढच्या चौकात जाऊन परत फिरलो. तिथे एक माणूस सिंगाडे विकत होता, ते घेतले आणि मग कशाला आलो होतो तेच विसरलो. असो.

वामनराव रोज शेडमध्ये येऊन बसतात. बंगला विकला तरी माणूस सुटत नाही. त्यांच्याकडून घराची सगळी हकीकत ऐकली. तुम्ही तर महिनाभर छताकडेच पाहत होता, म्हणून लिहितो. बंगला बांधणारा साहेब लाकडाचा ठेकेदार होता, आलापल्लीकडून सागवान आणायचा. त्याला विलायतेहून एका घराचं चित्र आलं. छपराच्या कडेला लाकडी झालर, कोपऱ्यात गोल मनोरा, त्याला टोपी, रंगीत काचा, वर धुराडं. त्यानं सिरोंच्याचे सुतार बोलावले, चित्र दाखवलं आणि म्हणाला असंच पाहिजे. आता चित्रात घर फक्त समोरून होतं. मागून कसं असतं ते कोणाला माहीत? म्हणून मागची बाजू त्या लोकांनी आपल्याकडे असते तशीच केली, बुटकी पडवी, खाली आलेलं छप्पर. समोरून विलायत आणि मागून सिरोंचा. तुमचे पणजोबा त्या सुतारांत होते असं तुम्ही म्हणता, ते मी वामनरावांना सांगितलं. ते म्हणाले, "असतीन ना. कोनी तं असनच." धुराडंही चित्रात बाहेरूनच होतं, आतून कसं करतात ते चित्रात नव्हतं. साहेबानं पहिल्या थंडीत एकदा शेकोटी पेटवली तर सगळ्या घरात धूर, मेमसाहेब खोकत अंगणात. पुन्हा पेटवली नाही. मग तिथे मधमाश्या आल्या त्या शेवटपर्यंत.

साहेबानंतर एका मालगुजारानं घर घेतलं, त्यानं मनोऱ्यात धान भरलं. मग काही वर्षं कचेरी होती. मग वामनरावांच्या वडिलांनी लिलावात घेतलं. वामनरावांचे आजोबा साहेबाकडे सरपण फोडायचे, पण त्यांना मागच्या पडवीच्या वर चढू देत नव्हते. छप्पन सालच्या दीक्षेनंतर वडील शिकले, नोकरीला लागले, आणि घर घेतलं त्या दिवशी म्हाताऱ्याला समोरच्या दारातून आत नेलं. सगळे लोक पाहायला जमलेले. म्हातारा सरळ मनोऱ्यात जाऊन बसला. दोन मिनिटं बसला आणि म्हणाला, "लय उकडते इथी." एवढंच. वामनराव हे सांगून हसतात. मुलं पुण्याला, त्यांना जागा विकायची होती, विकली. वाघाच्या जंगलाजवळ ज्याचं हॉटेल आहे त्यानं लाकूड घेतलं, तिथे घर होतं तसं उभं करू म्हणाला. वामनराव मला म्हणतात, "तुह्या बापानं एक डाव उभं केलं आन् मी समोरून पायलं, का झालं."

बाबा, तुम्ही जानेवारीत आलात तेव्हा बिरजूभाऊ, रिना तुला सांगतो, ज्यानं घर उतरवून परत उभं करायचा ठेका घेतलाय तो, रंगाचा डबा घेऊन उभा होता. प्रत्येक नगावर आकडा टाकतो म्हणत होता. तुम्ही टॉर्च मारून वर पाहिलं आणि म्हणालात, "आकडा कायले? आमच्या लोकायनं टाकून ठेवला हाय ना." प्रत्येक जोडाच्या टोकाला पटाशीनं मारलेली खूण होती. एक रेघ, दोन रेघा, फुली, कावळ्याचा पाय. आणि जिथे ते टोक बसतं तिथे तीच खूण. हातानं केलेलं काम, एकाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत जात नाही. खूण हाच नकाशा. तुम्ही बिरजूभाऊला डबा परत न्यायला लावला. मग माझं बोट धरून एका खुणेवर फिरवलंत. मी हो हो म्हटलं. तेव्हा धुराड्यातून मधमाश्या उठल्या होत्या, मी तिकडे पाहत होतो.

घर उतरवून तुम्ही मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेलात. जाताना म्हणालात, नुसतं पुसून ठेव. चार दिवस पुसलं. मी कसा आहे तुम्हाला माहीत आहे. हैदराबादच्या हॉटेलात दोन महिने, प्रफुलच्या ट्रकवर एक हंगाम, आयटीआय अर्धं. बाजूच्या फर्निचरवाल्याची घासायची मशीन रिकामी पडून होती, ती मागून आणली. गंमत म्हणून एक फळी घासली. वरचा काळा थर गेला, कोळशाची धूळ, जुनं तेल, आणि खालून नव्या गुळासारखा रंग निघाला. मग मी थांबलो नाही. सतरा दिवस. चहालाही बाहेर गेलो नाही. वामनराव म्हणाले, "पोट्टा लागला बा कामाले." झालर घासली, मनोऱ्याच्या फळ्या घासल्या. टोकं तेवढी काळी दिसत होती, म्हणून शेवटी तीपण घासली. खाचांच्या तोंडापर्यंत. चारशे बारा. माझ्या हातून आजवर पुरतं झालेलं हे पहिलंच काम.

बुधवारी इसरू आला, तुम्ही पुढे पाठवलेला. त्यानं एक नग उचलला, टोकावरून अंगठा फिरवला. दुसरा उचलला. तिसरा. मग खाली बसला. म्हणाला, "खुना कुठी गेल्या बे?" मी म्हटलं, "कोणत्या?" आणि म्हणता म्हणता मला समजलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मग आम्ही जेवलो. भातात मीठ नव्हतं, ते मला इसरूनं सांगितल्यावर कळलं. काल आणि आज दिवसभर टोकं लावून पाहिली. अकरा बसली, त्यातली दोन ढिली. माझ्या फोनमध्ये बंगल्याचे फोटो आहेत. सगळ्यांत रंगीत काचा आहेत आणि मी आहे.

रिना म्हणाली, तुमच्या डोळ्याची पट्टी निघाली, तुम्ही पटाश्या घासून ठेवल्यात आणि सोमवारच्या बसनं येताय. म्हणून हे लिहिलं. बिरजूभाऊला अजून माहीत नाही, इसरूनं सांगितलं नाही. घर उभं राहीलच हा शब्द त्याला तुम्ही दिलाय. तुम्ही आलात आणि ते उभं राहिलं नाही, तर लोक तुमचंच नाव घेतील, पोचू मिस्त्रीला उभं करता आलं नाही म्हणतील. नाही आलात तर मी सांगतो, डोळा बरा नाही, आणि खुणा मी घासल्या, बापानं नाही. मी इथेच आहे. दर वेळी निघून जातो तसं या वेळी जावंसंही वाटत नाही, काहीच वाटत नाही. काय करायचं ते तुम्ही ठरवा. फक्त आलातच, तर मला बोलायच्या आधी एक नग हातात घेऊन पाहा. सुंदर झालंय हो बाबा. खरंच फार सुंदर झालंय.

तुमचाच,
लोकेश